पोस्टात नाही, पोस्टडॉकला

आज घटस्थापना. आईने सकाळी परडीत माती पसरून गहू पेरले. तेव्हा मी बाजूच्या खोलीत बॅग वजनकाट्यावर चढवत-उतरवत होते. शनिवारी, २७ सप्टेंबरला विमान आहे आणि १ ऑक्टोबर २०२५ला जर्मनीतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठराविक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीवर, रुजू व्हायचंय. व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट घरी येऊन अकरा दिवस झाले, तरी तो जागेवर आहे ना, हे रोज एकदा कपाट उघडून बघतेच.

दोन वर्षं चाललं हे प्रकरण. मध्ये मी इंटरनेटवर असे अनुभव शोधायचे, तर सापडायचे ते सगळे 'मला तीन ऑफर आल्या, कोणती घेऊ?' छापाचे. माझ्याकडे बरेच महिने शून्य होत्या. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतल्या एका काकूंनी 'पोस्टडॉक' ऐकून मी पोस्टात लागल्याचं सगळ्या विंगला सांगितलं होतं. त्यांनाही हे वाचायला देणार आहे.

माझा विषय पाणी. रंगकारखान्यांतून बाहेर पडणारं सांडपाणी नॅनोफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, गाळायचं, रंग आणि मीठ वेगळं करायचं, आणि मेम्ब्रेन चोंदलं की का चोंदलं ते शोधायचं. पीएचडी मुंबईतल्या एका संस्थेत झाली. सॅम्पल मात्र नवी मुंबईतून, रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातून आणायचे. पाच लिटरचा निळा कॅन, आत जांभळट पाणी, आणि ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल. एकदा रबाळे स्टेशनवर आरपीएफच्या हवालदारांनी अडवलं. "यात काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, सांडपाणी. त्यांना ते पटेना. सांडपाणी फेकायचं सोडून घरी घेऊन जाणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यानंतर माझ्या गाईड सरांनी लेटरहेडवर एक पत्रच दिलं: सदर विद्यार्थिनी संशोधनासाठी पाण्याचे नमुने नेत आहे, त्यात ज्वलनशील काही नाही. ते लॅमिनेट करून चार वर्षं बॅगेत बाळगलं.

शोधाला सुरुवात केली ऑगस्ट २०२३मध्ये, थीसिसचा सारांश (सिनॉप्सिस) दिल्यावर. तेव्हा पहिली चूक केली. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपबद्दल ऐकलं होतं, तिची मुदत १३ सप्टेंबरला होती, आणि मी पंधरा दिवस एका आयडियावर घासले. मग नियम नीट वाचले. मुदतीच्या दिवशी पीएचडी हातात पाहिजे. पदवीप्रमाणपत्र नसलं तरी चालतं, पण व्हायव्हा (तोंडी परीक्षा) पार पडलेला हवा. माझी थीसिससुद्धा जमा झाली नव्हती. पंधरा दिवस पाण्यात. फेलोशिप कोणतीही असो, आधी पात्रतेचं पान वाचा आणि मग स्वप्नं बघा, हे मी माझ्या ज्युनिअर्सना आता दरडावून सांगते.

थीसिस जमा झाली २७ नोव्हेंबर २०२३ला. डिसेंबरअखेर फेलोशिपची पाच वर्षं संपली आणि सीनियर रिसर्च फेलो (एसआरएफ) म्हणून मिळणारे महिना ४२ हजार बंद झाले. मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत व्हायव्हा होईल. एका परीक्षकाचा अहवाल जानेवारीत आला, दुसऱ्याचा मे महिन्यात. मधल्या काळात दर सोमवारी मी कार्यालयात फोन करायचे आणि दर सोमवारी 'अजून आलेला नाही' हे त्याच आवाजात ऐकायचे. या काळाचे पैसे कुणी देत नाही. मी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायला लागले. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, पण दूधवाल्याचं बिल गुपचूप आपल्या पेन्शनमधून द्यायला लागले, ते मला कळत होतं. तुमची फेलोशिप संपत आली असेल तर सहा-सात महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. माझ्या ओळखीत एकाचाही व्हायव्हा 'दोन-तीन महिन्यांत' झालेला नाही.

जानेवारी ते मार्च २०२४ या काळात मी ३४ प्रोफेसरांना मेल केले. मजकूर एकच, फक्त नाव आणि विद्यापीठ बदलायचं. आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन, वगैरे. सोबत पाच पानी सीव्ही. उत्तरं दोन आली. एक 'मी सुट्टीवर आहे' हे आपोआप जाणारं, दुसरं 'आमच्या जाहिराती बघत राहा'. एका ठिकाणी तर दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव तसंच राहून गेलं. तिथून उत्तर आलं नाही ते बरंच झालं.

लॅबमधली एक सीनियर ताई तेव्हा परदेशातून सुट्टीवर आली होती. राम मारुती रोडवर कॉफी पिताना मी तिला माझा सीव्ही दाखवला. पहिल्या पानावर वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती. शेवटच्या पानावर 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', खाली ठिकाण: ठाणे, आणि सही. ती इतकी हसली की कॉफी सांडली. "रेशनकार्डाचा अर्ज आहे का गं हा?"

मग तिने तासभर जे सांगितलं ते मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पोस्टडॉकची जागा म्हणजे बँकेची भरती नव्हे. बहुतेक वेळा एखाद्या प्रोफेसरला एका ठराविक प्रश्नासाठी, ठराविक मुदतीचे पैसे मिळालेले असतात आणि त्याला तो प्रश्न सोडवणारं माणूस हवं असतं. पैसे नसतील तर तुम्ही कितीही हुशार असा, तो काही करू शकत नाही. मग दुसरा रस्ता, आपले पैसे आपणच आणायचे, म्हणजे फेलोशिप. तिथेही यजमान प्रोफेसर आधी पटवावा लागतो. "तू मेलमध्ये स्वतःबद्दल लिहितेस. त्यांच्या कामाबद्दल काय लिहितेस?" काहीच नाही.

सीव्ही दोन पानांचा केला. जाहिराती बघायला यूरॅक्सेस, नेचर करिअर्स आणि जॉब्ज डॉट एसी डॉट यूके एवढंच ठेवलं, रोज नाही, सोमवार-गुरुवार. लिंक्डइन फोनवरून काढून टाकलं. रात्री अकराला दुसऱ्याचं 'कळवताना अत्यंत आनंद होतो' वाचून कुणाचं भलं झालंय? आणि ३४ मेल पाठवण्यापेक्षा आठवड्याला दोनच पाठवायचे ठरवले. एका मेलमागे त्या गटाचे तीन पेपर वाचायचे, पुरवणी माहितीसकट.

एप्रिलमध्ये असाच एक पेपर वाचत होते. जर्मनीतला गट, विषय माझाच. त्यांच्या चौथ्या आकृतीत चोंदलेलं मेम्ब्रेन कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर मूळच्या प्रवाहाच्या नव्वद टक्क्यांच्या वर परत येत होतं. मी तो आलेख बघत बसले. कारण रबाळ्याच्या पाण्यावर माझं मेम्ब्रेन त्याच पद्धतीने धुऊनही ५८ टक्क्यांवर अडकलं होतं. आठ महिने मी तो प्रयोग केला होता, कॉस्टिकचा पीएच बदलून, तापमान बदलून, वेळ वाढवून. पाचएक टक्क्यांचा फरक पडायचा, बस. शेवटी सरांनी सांगितलं, हे प्रकरण मुख्य थीसिसमध्ये नको, परिशिष्टात टाक. टाकलं. फरक कुठे होता ते पेपर पुन्हा वाचल्यावर दिसलं. त्यांनी लॅबमध्ये बनवलेलं पाणी वापरलं होतं, एक रंग आणि मीठ. माझ्या निळ्या कॅनमध्ये रंग, मीठ, सर्फॅक्टंट (साबणासारखी द्रव्यं), सिलिका आणि देव जाणे काय काय होतं.

त्या दिवशी लिहिलेला मेल सगळ्यांत छोटा होता. तुमची आकृती चार पाहिली. कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर आम्हाला ५८ टक्केच मिळाले, आलेख सोबत जोडलाय. मला सिलिकाचा संशय आहे, पण सिद्ध करता आलेलं नाही. तुम्ही खऱ्या पाण्यावर करून पाहिलंय का? व्हायव्हा येत्या काही महिन्यांत आहे आणि मी पोस्टडॉक शोधते आहे. संपला मेल. विषयाच्या ओळीत 'पोस्टडॉकसाठी अर्ज' असं न लिहिता आकृती चारबद्दल प्रश्न आहे असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाही, खऱ्या पाण्यावर केलेलं नाही, करायची इच्छा आहे, बोलूया का? मी ते उत्तर ठाणे स्टेशनच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवर उभी राहून चार वेळा वाचलं आणि एक लोकल सोडली.

मे महिन्यात ऑनलाइन बोलणं झालं. बाईंनी (प्रोफेसर बाई आहेत) पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं की सध्या पैसे नाहीत. मारी क्युरीसाठी एकत्र अर्ज करू, दुसऱ्या एका प्रकल्पासाठी मीही अर्ज केलाय, त्याचं पुढच्या वर्षी कळेल. इतकं सरळ बोलणं मला आवडलं.

१९ जून २०२४ला व्हायव्हा झाला. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळायला २६ जुलै उजाडला. १ ऑगस्टपासून एका प्रकल्पावर रिसर्च असोसिएट (आरए) म्हणून लागले. २०२३च्या सुधारित दरांनुसार पहिल्या पायरीला महिना ५८ हजार आणि वर घरभाडे भत्ता. कागदावर. पहिला पैसा ऑक्टोबरच्या शेवटी खात्यात आला, त्यामुळे नौपाड्याचा क्लास मी सोडला नाही.

मारी क्युरीचा अर्ज हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुख्य भाग दहा पानांचा, आणि अकरावं पान परीक्षकाला दिसतच नाही. गुणांचे वाटे ठरलेले: विज्ञानाला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. आपण भारतीय विज्ञानावर सात पानं लिहितो आणि उरलेल्यात बाकीचं कोंबतो. मीही तेच केलं. माझ्या २०२४च्या फेरीतले दोन नियम सांगते. यजमान देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नव्हतं, आणि पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांच्या आत हवा होता. यजमान पोर्तुगाल, पोलंड, चेकिया अशा देशांतला असेल तर ईआरए फेलोशिपच्या चौकटीत खूण करायला विसरू नका, त्याच अर्जावर दुसरी संधी मिळते. जर्मनी त्यात बसत नाही.

मुदत ११ सप्टेंबर २०२४, ब्रसेल्सच्या घड्याळात संध्याकाळी पाच, आपल्याकडे रात्री साडेआठ. आणि तोच दिवस गौरीपूजनाचा. घरात पंचवीस माणसं, हॉलमध्ये गौरी उभ्या, पुरणाचा वास, आणि मी आतल्या खोलीत कडी लावून काम-वेळापत्रकाचा तक्ता पानात बसवतेय. मावशी दर अर्ध्या तासाने दार ठोठावून "अगं, नैवेद्य झाला, जेवून घे" म्हणायची. सात चाळीसला सबमिट केलं. नंतर एक आकृती फिकट दिसते असं वाटून बदलली आणि आठ दहाला परत सबमिट केलं. मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं धरतात. म्हणून दोन दिवस आधीच एक कच्चं रूप टाकून ठेवा, माझ्यासारखं रक्त आटवू नका. नऊ वाजता गार पुरणपोळी खाल्ली.

निकाल फेब्रुवारीत. मधल्या महिन्यांत बाकीच्या खेपा चालूच होत्या. जपानमध्ये एका गटाला जेएसपीएससाठी विचारलं. ही फेलोशिप चांगली, तेव्हा महिना ३ लाख ६२ हजार येन, पण अर्ज यजमान प्रोफेसर करतो आणि त्याच्या विद्यापीठाची अंतर्गत मुदत बरीच आधी असते. त्यांचं उत्तर फार नम्र होतं आणि मुदत उलटून गेली होती. अमेरिकेतल्या एका लॅबशी डिसेंबरमध्ये दोनदा बोलणं झालं, जानेवारीत पत्र पाठवतो म्हणाले. २०२५च्या सुरुवातीला तिथे संशोधनाच्या सरकारी पैशांना कात्री लागली, ते सगळ्यांनी वाचलंय. फेब्रुवारीत दोन ओळी आल्या, भरती गोठवली आहे, क्षमस्व. ते जमलं असतं तरी मेच्या शेवटी जे-१ व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा तीनेक आठवड्यांसाठी बंद झाल्या, त्यात अडकले असते. आणखी एक 'ऑफर' आली होती, कसलीही मुलाखत न घेता, १५० डॉलर नोंदणी शुल्क मागणारी. पोस्टडॉकला घेणारा माणूस तुमच्याकडे पैसे मागत नाही, तो देतो.

भारतातले रस्ते मी दुय्यम म्हणून ठेवले नव्हते, हे सांगायला हवं. केंद्र सरकारच्या पूर्वीच्या सर्बची (विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळ) राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. दोन वर्षांची, वयोमर्यादा ३५, महिलांना पाच वर्षांची सवलत, शिवाय संशोधनखर्चाला वर्षाला दोन लाख. पुण्यातल्या एका शास्त्रज्ञांशी बोलून तिचा अर्ज मी अर्धा लिहून ठेवला होता. आयआयटी मुंबईची स्वतःची पोस्टडॉक फेलोशिप आहे. भौतिक-रसायनवाल्यांसाठी बीएआरसीची के. एस. कृष्णन असोसिएटशिप, जीवशास्त्रवाल्यांना टाटा हॉस्पिटलचं खारघरमधलं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक. घरी राहून लोकलने जाता येतं ही काही छोटी गोष्ट नाही. मला जर्मनी हवं होतं ते त्या ५८ टक्क्यांमुळे. तो प्रश्न विचारणारं दुसरं कुणी मला सापडलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२५. मारी क्युरीचा निकाल: ८६.२. शंभरातले ८६ म्हणजे आपल्याकडे पेढे वाटतात. इथे नाकारले गेले. दहा हजारांहून जास्त अर्जांतून सुमारे सतराशे घेतले होते आणि रेषा माझ्या बरीच वर होती. ८५च्या पुढे असल्याने 'सील ऑफ एक्सलन्स' नावाचं प्रमाणपत्र आलं. काही देशांत त्यावर पैसे मिळतात, मला ते फक्त सीव्हीत लिहायला झालं. परीक्षकांचा शेरा विज्ञानाबद्दल नव्हताच. परिणामाचा भाग 'सर्वसाधारण स्वरूपाचा' होता. त्या रात्री मी जेवले नाही. आई म्हणाली, "नापास झालीस का?" म्हटलं, नाही. "मग?" या 'मग'चं उत्तर मला देता आलं नाही.

बाईंना कळवलं. त्यांचा दोन ओळींचा मेल आला की त्यांचा तो दुसरा प्रकल्प मंजूर झालाय, पण जागा उघड जाहिरातीतूनच भरावी लागेल, अर्ज कर, शब्द देऊ शकत नाही. मार्चमध्ये जाहिरात लागली. खऱ्या औद्योगिक सांडपाण्यावर मेम्ब्रेन चोंदणं, २४ महिने, वेतन टीव्ही-एल ई-१३ (तिथली ठरलेली वेतनश्रेणी). वाचताना माझाच मेल वाचल्यासारखं वाटलं, तरी अर्ज बाकीच्यांसारखाच करावा लागला. दोन शिफारसपत्रं. इथे एक सांगते. आपल्याकडे बरेच जण 'तूच मसुदा लिहून आण' म्हणतात. लिहावाच लागला तर कौतुक लिहू नका, घटना लिहा. कोणता पंप बंद पडला, काय केलं, असं. विशेषणं तुमच्या इंग्रजीत लगेच ओळखू येतात.

मुलाखत १ एप्रिलला, त्यांच्या वेळेनुसार सकाळी दहाला. आमच्या शेजारच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम चालू, दिवसभर ड्रिलिंग. म्हणून क्लासच्या सरांना नौपाड्याची एक वर्गखोली मागितली. साडेचार तासांचा फरक धरून अडीचची मुलाखत, दोन ते चार खोली. सगळं ठरलं. त्या सकाळी कॅलेंडर उघडलं तर त्यात दीड वाजता दिसतेय! ३० मार्चला, आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच, युरोपातली घड्याळं उन्हाळी वेळेसाठी तासभर पुढे गेली होती. मी श्रीखंड खात होते. दीडला त्या खोलीत बारावीची बॅच. सरांनी काही न विचारता पोरांना बाजूच्या खोलीत हलवलं आणि बाहेर 'शांतता राखा' लिहून लावलं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी मुलाखत असेल तर वेळ बोटांवर मोजू नका.

गडबडीत पाठीमागचा फळा पुसायचा राहिला. पंधरा मिनिटांचं माझं सादरीकरण झालं आणि पाच जणांपैकी एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मागे अल्डॉल कंडेन्सेशन दिसतंय. तो दुसरा बाण तुम्ही काढलाय?" मी वळून बघितलं. बाण उलटा होता. कुणीतरी पोराने काढलेला. मी उठून तो पुसला आणि बरोबर काढला. सगळे हसले, आणि माझा आवाज त्यानंतर कुठे सरळ झाला. पुढचा अर्धा तास आम्ही जवळजवळ फक्त परिशिष्टाबद्दल बोललो. कॅन कसा आणायचे, सॅम्पल किती तास उन्हात राहायचं, दोन आठवड्यांनी त्याच कारखान्याचं पाणी का वेगळं निघायचं. सिलिकाचं सिद्ध का करता आलं नाही, हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा खरं तेच सांगितलं, मोजायचं यंत्र सहा महिने बंद होतं. विद्यापीठाची समान संधी पाहणारी एक अधिकारीही बसली होती. तिने फक्त वेळेबद्दल विचारलं, बाकी टिपणं घेत होती.

१७ एप्रिलला कळलं की मी दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या उमेदवाराने नाही म्हटलं तर कळवू. दुसऱ्या क्रमांकाचे ते तीन आठवडे पीएचडीपेक्षा लांब वाटले. कुणाच्या तरी नकाराची वाट बघायची म्हणजे मनाला बरं वाटत नाही आणि राहवतही नाही. ९ मे रोजी मेल आला. पहिला उमेदवार दुसरीकडे गेला होता. बाबा खाली भाजी घेत होते, मी गॅलरीतून ओरडले. भाजीवाल्यानेही वर बघितलं.

यानंतर संपलं असं मला वाटलं होतं, पण खरे कागद आता सुरू झाले. विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाने पहिला मसुदा पाठवला त्यात माझं आडनाव पहिलं नाव झालं होतं आणि वडिलांचं नाव आडनाव. चूक त्यांची नाही. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वेगळाच क्रम. मग 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मागितलं. ठाणे कोर्ट नाक्यावर गेले. पूर्वी शंभरचा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४पासून पाचशेचा. नोटरीचे तीनशे. टायपिंगवाल्या काकांनी सरावाने 'विवाहानंतरचे नाव' असा परिच्छेद घातला होता, तो काढायला लावला. ते म्हणाले, "असू द्या मॅडम, पुढे लागेल." करार दुरुस्त होऊन यायला बारा दिवस गेले. अर्जाच्या पहिल्याच मेलमध्ये 'नाव हे, आडनाव हे' अशी एक ओळ लिहा, हे दिवस वाचतील.

पासपोर्ट २०२६मध्ये संपत होता, म्हणून मे महिन्यातच नवा केला. वागळे इस्टेटच्या केंद्रात दीड तास, १५०० रुपये. वर्तकनगर पोलिसांची पडताळणी चार दिवसांत झाली. याला तात्काळची गरज पडली नाही, पण बारीकसारीक म्हणून शेवटपर्यंत ठेवू नका. निर्यात-नियंत्रणाचा एक चार पानी फॉर्म आला, तुमच्या संशोधनाचा लष्करी उपयोग होऊ शकतो का? पाणी गाळणाऱ्या बाईला हे विचारलं म्हणून मी हसले, पण केमिकल इंजिनिअरला विचारतातच. अनाबिन नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर आपली संस्था शोधून त्या पानाची प्रिंट काढायची, तिथे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असेल तर प्रश्न मिटतो. पगाराची पायरी अनुभवावर ठरते, म्हणून संस्थेकडून ज्युनिअर-सीनियर फेलोशिप (जेआरएफ-एसआरएफ) आणि आरएच्या तारखांसकट अनुभवपत्र घेऊन ठेवा. ते पत्र मिळवायला मी पाच चकरा मारल्या, पण त्यामुळे पहिलीऐवजी दुसरी पायरी मिळाली. आकडा बघून हुरळू मात्र नका. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमा मिळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातं.

जुलैच्या मध्यावर करार आणि यजमान-करारपत्र दोन्ही आली. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा २०२५पासून ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. कागद आधी तिथे तपासतात, मगच केंद्रात जायची वेळ मिळते. माझं एकदा परत आलं, कारण सीव्हीत फेलोशिप संपल्यापासून आरए होईपर्यंतचे सात महिने रिकामे होते. 'या काळात खासगी क्लासमध्ये अध्यापन' असं लिहिलं, पास झालं. शुल्क ७५ युरो, तेव्हाच्या दराने साडेसात हजारांच्या आसपास, केंद्राचा आकार वेगळा. ३० जुलैला बोटांचे ठसे दिले. मग सहा आठवडे. गणपती आले, गेले, आणि ११ सप्टेंबरला कुरिअरवाला पासपोर्ट घेऊन दारात उभा. मागच्या वर्षी याच तारखेला मी आतल्या खोलीत कडी लावून बसले होते.

निळा कॅन मी लॅबमधल्या ज्युनिअरला दिला. आतून तो आता कायमचा जांभळा झालाय, कशानेही निघत नाही. आज दुपारी बॅगेतून कडधान्याची पिशवी काढत असताना तिचा मेसेज आला: "ताई, रबाळे स्टेशनवर अडवलंय. ते पत्र तुझ्याकडेच राहिलं का गं?" बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होतं. फोटो काढून पाठवला.